चौकीतला पंखा

तुम्हाला साप चावला आहे आणि समोर डॉक्टर बसली आहे. तुम्ही तिला "काटा लागला" असं सांगाल?

चंदाने सांगितलं. तिच्या नवऱ्याने, बाळूनेही तेच सांगितलं.

मुलुंडच्या टॉवरांमागे, जंगलाला लागून त्यांचा पाडा आहे. मी महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर डॉक्टर. आठवड्यातून एकदा मी आणि आरोग्यसेविका सुरेखाताई तिथे शिबिर घेतो. पाड्यात बसायला जागा नाही, म्हणून वनखात्याने आपली चौकी दिली होती. पक्कं छप्पर, टेबल, पंखा. गार्डदादा स्वतः चहा पाजायचे. आम्हाला वाटायचं, झकास चाललंय.

त्या दुपारी बाळू चंदाला पाठीवर घेऊन आला.

"काटा लागला मॅडम. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या."

"कुठे लागला?"

"अंगणात."

घोटा टम्म सुजला होता. त्यावर दोन बारीक ठिपके. सूज जिथे संपत होती तिथे मी पेनने रेघ मारली. बीपी घेतलं, नाडी बघितली, पुन्हा बीपी घेतलं. रेघेकडे पाहिलं. सूज रेघेच्या वर गेली होती.

चंदा बाजूला वाकून थुंकली. थुंकी लाल होती.

काट्याने हिरड्यांतून रक्त येत नाही. घोणस चावली की येतं. तिच्या विषाने रक्ताची गोठायची ताकद जाते. मग ते मेंदूत, पोटात, कुठेही वाहू शकतं. किडन्या बंद पडू शकतात. त्यावर एकच औषध, सापाच्या विषावरची लस. ती सलाइनमधून, मोठ्या हॉस्पिटलातच देतात. आणि तिथे पहिला प्रश्न असतो, काय चावलं, कधी चावलं? "काटा" म्हटलं की पेशंट बाकावर बसून राहतो.

"चंदा, साप होता ना?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे बघत होती. मागे गार्डदादा खुर्चीत बसले होते.

"दादा, जरा बाहेर थांबता?"

"अहो, माझीच चौकी आणि मीच बाहेर?" ते हसले, पण उठले. दाराच्या बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांची सावली उंबऱ्यातून आत पडत होती.

सुरेखाताई घाबरल्या की थेट मालवणीत जातात. "खरां सांग गो बाय, काय चावलां? मरशील ना अशान!"

"काटाच," चंदा म्हणाली. तिचे दात लाल झाले होते.

मला इतकी भीती पूर्वी कधी वाटली नव्हती. ही बाई माझ्यासमोर मरणार, आणि मरतानाही काटाच म्हणणार.

अँब्युलन्स पाड्यापर्यंत चढत नाही. सुरेखाताईंनी खालून रिक्षा आणली. पाय हलू नये म्हणून आम्ही त्याला फळकुट बांधलं. मी चंदाला धरून बसले. बाळू मान वळवून मागे बघत होता. वळण आलं, चौकी दिसेनाशी झाली, आणि तो एका दमात बोलला.

"घोणस होती मॅडम. सकाळी. आतल्या जंगलात शेवळांची रानभाजी काढायला गेलो होतो, बाजारात विकायला."

"अरे, मग तिथे का नाही बोललास?"

"आत जायची बंदी आहे ना. मागच्या वेळी गार्डदादांनी टोपली घेतली. म्हणाले, परत दिसलात तर केस. घर त्यांच्याच जमिनीवर, केस झाली तर पाडतील. मग हिला घेऊन जाऊ कुठे?"

मी हॉस्पिटलला फोन लावला. घोणस, सकाळी, हिरड्यांतून रक्त. लस तयार ठेवा. पोहोचलो तेव्हा तयार होती.

चंदा वाचली. पण उशीर झालाच होता. किडन्या बसल्या, डायलिसिस करावं लागलं. आता पुन्हा चालते, जरा लंगडत.

गार्डदादांना हे कळलं तेव्हा त्यांना खरंच लागलं. "मी काय तिला जेलात टाकलं असतं?"

"टोपली घेतलीत ना?"

"ती ड्यूटी आहे मॅडम."

होतीच. म्हणूनच तिथे शिबिर नको होतं.

मी सिनिअर डॉक्टरांकडे गेले. "सर, जागा बदलायची."

"फुकट मिळालीय. पंखा आहे."

"सर, पेशंट खोटं बोलतात तिथे."

"पेशंट सगळीकडेच खोटं बोलतात."

"ह्यांना आपण खोटं बोलायला लावतोय. केस करणारा गार्ड बाजूला बसलाय आणि आपण विचारतोय, बाबा, कुठे गेला होतास?"

त्यांनी शिबिरांची यादी पुढे ओढली आणि चौकीचं नाव खोडलं. मग म्हणाले, "ऊन लागलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

आता शिबिर बालवाडीच्या ओट्यावर भरतं. तिथल्या पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाबांनी मांडीवरची चिघळलेली जखम दाखवली. "रानडुकराने मारलं."

"बाबा, चौकीत दर वेळी येऊन खोकल्याचं औषध नेत होतात. तेव्हा का नाही दाखवलंत?"

"तिथं?" बाबा एवढंच म्हणाले.

ओट्यावर पंखा नाही. घाम येतो. पण पेशंट खरं सांगतात, आणि इलाज त्यावरच होतो.

तुमच्या वस्तीतलं आरोग्य शिबिर कुठे भरतं, ते या आठवड्यात जाऊन बघा. पोलीस चौकीत? घरमालकाच्या ओसरीवर? कारखान्याच्या ऑफिसात? ज्याला पेशंट घाबरतो असा माणूस तिथे बसला असेल, तर डॉक्टरला सांगा, टेबल हलवा. दोन माणसांत उचललं जातं ते. एका बाजूने तुम्ही धरा.