अरबी समुद्राच्या पूर्वेला

बाई कुणाला भेटल्या की "कशी आहेस?" वगैरे नंतर. आधी, "लोकेशन बंद आहे ना?" हाच त्यांचा नमस्कार. पालघरच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, पोरांकडून नकाशे घोटवून घेतले, आणि निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या नादी लागल्यावर त्यांचा ठावठिकाणा लपवणं हेच काम! मी बोईसरच्या औषध कारखान्यात नोकरीला. सुट्टी असली की बाईंना स्कूटरवर मागे बसवून आम्ही खाड्या आणि किनारे हिंडायचो. मागे बसूनही त्यांचा घोर चालूच: पेट्रोल आहे ना, दुर्बीण घेतलीस ना, एवढा भडक रंग कशाला घातलास?

पक्ष्यांच्या ॲपवर त्या नेमाने नोंदी टाकायच्या, पण ठिकाण कायम मोघम, "पालघर जिल्हा". कुणी अनोळखी माणसाने "नेमकं कुठे?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरबी समुद्राच्या पूर्वेला." लोक वैतागायचे. बाई खुशाल.

आवाज ओळखणाऱ्या ॲपवर मात्र त्यांचा भारी लोभ. पण त्यातला आवाज वाजवून पक्ष्याला बोलावलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. एकदा आमच्या पक्षी पाहणाऱ्या गटातल्या एका डॉक्टरांनी पिंगळ्याचा आवाज वाजवला. बाईंनी त्यांचा फोन काढून घेतला आणि फेरी संपेपर्यंत स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. "तुमच्या दारात कुणी तुमच्याच आवाजात ओरडत बसलं, तर झोप लागेल तुम्हाला?"

अशा बाईंच्याच हातून चूक व्हावी, याला काय म्हणायचं! शिरगावच्या सुरूच्या बनात समुद्री गरुडाच्या जोडीने घरटं केलं होतं. आत एकच पिल्लू. नेमका तेव्हाच मुलाने बाईंना नवा फोन पाठवला होता आणि त्यात लोकेशन आपोआप चालू. बाईंनी झाडाखाली बसूनच नोंद केली, पाठवली, आणि ॲपने बरोबर त्या झाडावर खूण ठोकली.

पुढच्या रविवारी बनात गाड्याच गाड्या. एकाने तर ड्रोन थेट घरट्यापर्यंत चढवला. मादी उठून समुद्रावर गेली आणि कावळे फांद्यांवर जमू लागले. बाई वाळूतून धावत सुटल्या. चप्पल निघाली तरी भान नाही. "उतरव ते! उतरव म्हणते ना!" त्याने उतरवला, पण मादी परत येईपर्यंत माझाही जीव टांगणीला लागला होता. बाई म्हणाल्या, "त्याला पत्ता मीच दिला गं. मीच दिला."

नोंद पुसली, पण खूण तोवर ग्रुपाग्रुपांतून फिरलेली. मग बाईंनी बनाच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून ठाणच मांडलं. आलेल्यांना हात जोडायच्या, ऐकलं नाही तर वर्गातला आवाज लावायच्या. बोंबील वाळत घालणारी मंजुळामावशी म्हणायची, "बाय, तुमी जेवून घ्या. आमी हाय ना. कोनाला जाऊ देनार नाय." बाईंचा डबा मांडीवर तसाच. संध्याकाळी मला फोन, "मादी मासा घेऊन आली, पण पिल्लाने मान वर केली नाही गं. काय झालं असेल?" मी समजूत घालायचे, कधी चिडायचेही. खरं सांगायचं तर धास्ती मलाही होतीच.

एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. उडालं की पडलं? आम्ही झाडाखालचा सगळा पालापाचोळा चाळला. एक पीससुद्धा सापडलं नाही.

"उडालंच असेल," मी म्हणाले.

"तू पाहिलंस?"

मी नव्हतं पाहिलं. ती काळजी तशीच घेऊन बाई पावसाळ्यात गेल्या. हृदय बंद पडलं. मला त्यांचा फार राग आला. एवढी कसली घाई होती?

परवा घिवलीच्या किनाऱ्यावर एक तरुण समुद्री गरुड दिसला. अजून तपकिरी, पोट पांढरं व्हायचं होतं. आपलंच पिल्लू कशावरून, असं बाईंनी लगेच विचारलं असतं. तरी मी तिथेच उभी राहून रडले. फोटो ॲपवर टाकण्याआधी लोकेशन बंद केलं. पुन्हा उघडून पाहिलं. आणखी एकदा पाहिलं. थोड्याच वेळात कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला, "वा! नेमका कुठे दिसला?"

मी डोळे पुसले आणि लिहिलं, "अरबी समुद्राच्या पूर्वेला."