अमेरिकेचं घड्याळ आणि अकोट्याचं ऑफिस

एखाद्या कामाचे किस्से किती व्हावेत? बडोद्यातल्या आमच्या अकोट्याच्या ऑफिसात नुसत्या घड्याळाचे एवढे झालेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. एका वर्षी तिथल्या सरकारनं ठरवलं, तीन आठवडे आधीच करायची! तिथल्या दुकानांचे कॉम्प्युटर आम्ही इथून सांभाळायचो, म्हणजे सगळ्यांना पॅच, नव्या वेळेचा छोटा दुरुस्ती-प्रोग्रॅम, घालणं आलं.

माझे बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना हे समजावलं. म्हणाले, "आमच्याकडे गाडी लेट व्हायची. घड्याळाला कुणी हात लावत नव्हतं!"

टेस्टिंगसाठी आमच्या जिग्नेशनं एका कॉम्प्युटरची तारीख महिनाभर पुढे केली. ऑफिसची हजेरी त्यावरच! सगळ्यांची महिनाभर गैरहजेरी लागली. मॅनेजर देसाईसाहेब भडकले, "रजेचा अर्ज क्यां छे?"

जिग्नेश शांतपणे म्हणाला, "साहेब, ए दिवसो हजी आव्या ज नथी!" खरंच की, ते दिवस अजून उजाडायचेच होते!

मग रविवारी तिकडची घड्याळं पुढे झाली आणि सोमवार आला. एकही तक्रार नाही. साहेबांनी खूश होऊन सेव-उसळ मागवली.

शेजारी कल्पना बसली होती. आम्ही दोघी समा भागातल्या एकाच सोसायटीतल्या. त्या संध्याकाळी स्थळ म्हणून आलेल्या न्यू जर्सीच्या मुलाचा तिच्या घरी पहिला फोन येणार होता, तिथल्या सकाळी आठला. लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, हे तिला आधीच सांगून टाकायचं होतं. तिची आई बजावत होती, "पहिल्याच बोलण्यात नोकरीचं काढायचं नाही हं!" मागचं स्थळ त्यावरूनच मोडलं होतं.

ऑफिसच्या भिंतीवर 'न्यू जर्सी' अशी पाटी लावलेलं घड्याळ होतं. त्यात सकाळचे सात वाजलेले बघून कल्पना म्हणाली, "अजून तास आहे गं." आणि आणखी उसळ घेतली.

आम्ही अमेरिकेतले सगळे कॉम्प्युटर पुढे केले होते. भिंतीवरच्या घड्याळाला कुणी हातही लावला नव्हता! म्हणजे तिकडे आठ वाजलेसुद्धा होते. लक्षात आलं तेव्हा पोरीचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. स्कूटीवरून तिला घेऊन सुसाट निघाले.

घरात शिरलो तर आई फोनवर, आवाज चढलेला. "नाही हो, विसरलेली नाही! ऑफिसात अडकली असेल. कामात असली की तिला जेवणाचीही शुद्ध नसते. आणि आत्ताच सांगते, लग्नानंतरही ती नोकरी सोडणार नाही!"

कल्पना दारातच थबकली.

आईनं रिसीव्हर पुढे केला. "घे. हे ऐकूनही थांबतो म्हणालाय."