चाटणसर आणि काजऱ्याची पूड

आमचे सर कुठलीही पूड आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचे. उंदरांची पाळी नंतर, भिंगाची त्याहून नंतर. करंगळीच्या टोकाने कणभर उचलायची, जिभेच्या शेंड्यावर टेकवायची, डोळे मिटायचे आणि मग बेसिनपाशी जाऊन तीन चुळा भरायच्या. परत येईपर्यंत निकाल तयार असायचा. हे जुनं आहे, हे ओलं दळलंय, यात दुसरंच काहीतरी ढकललंय. पोरांनी त्यांचं नाव चाटणसर ठेवलं होतं आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. एकदा हजेरी घेता घेता म्हणाले, चाटण निदान गोड तरी असतं रे, मला कसलं नाव देता?

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा सहायक होते. वैद्य-वैदू पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्या वनस्पती माणसाला अपाय तर करत नाहीत ना, हे तपासणं आमचं काम. झाडपाल्याचं औषध, त्याने काय होतंय, असं कोणी म्हटलं की सरांचा पारा चढायचा. विषारी धोतराही झाडपालाच आहे, घरी नेऊन भाजी करा, असं एका मोठ्या पाहुण्याला त्यांनी तोंडावर सुनावलं होतं. मला तर त्या दिवशी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

उंदरांच्या पिंजऱ्यापुढे मला ते तासन्‌तास बसवायचे. केस उभे राहिले का, कान पांढरे पडले का, शेपूट ताठ झाली का, सगळं वेळेनिशी वहीत लिहायचं. मी कंटाळून एकदा नुसतंच 'मेला' असं लिहिलं. सर रागावले नाहीत, स्टूल ओढून शेजारी बसले. म्हणाले, "मंदा, उंदीर मेला हे शिपायालाही कळतं. मरायच्या आधी तो काय सांगत होता, ते तू लिहायचं." तेव्हापासून मी कधी कंटाळा केला नाही. त्या माणसाने मला बघायला शिकवलं, हे मी आज रागाच्या भरातही नाकारणार नाही.

आमचा मखमलाबादला फुलांचा मळा. सर एका रविवारी घरी आले, पिठलं-भाकरी दोनदा मागून घेतली आणि माझ्या वडिलांना, आण्णांना म्हणाले, पोरीला अजून शिकू द्या. आण्णा हरखून गेले. त्यांच्यालेखी मग देवानंतर सरच. पारावर कोणाला खोकला झाला तरी आण्णा म्हणणार, आमच्या मंदीच्या सरांना इचारतो.

दशक संपता संपता सातपूरच्या एका छोट्या कारखान्याचे शेठ काजरा घेऊन आले. काजरा म्हणजे कुचला. बटणासारख्या चपट्या बिया, वरून रेशमासारखी लव. जालीम विष, पण नीट शोधला तर सांधेदुखीवर औषध. शोधायचा म्हणजे त्याचं विष उतरवायचं. ते कसं, हे आम्ही पेठकडच्या एका म्हाताऱ्या वैदूकडून शिकलो होतो. सात दिवस गोमूत्रात भिजवायचा, रोज गोमूत्र बदलायचं. साल काढायची, बी उकलून आतला कोंब उपटून फेकायचा, दुधात उकळायचा, तुपात भाजायचा. ते दूध कुत्र्यालासुद्धा घालायचं नाही, खड्डा करून पुरायचं. वैदूने हे मला तीनदा बजावलं होतं.

मी नऊ दिवस ते केलं. सगळ्या मजल्यावर वास सुटला, पोरी नाकाला ओढणी लावून जायच्या. पूड तयार झाली, सरांनी चाखली, उंदरांनी पचवली. 'शोधित काजरा, दिलेल्या मात्रेत सुरक्षित' अशा अहवालावर सरांची सही झाली आणि खाली बारीक अक्षरात 'नमुना व कृती' म्हणून माझी. सोबत कृतीचा कागद मी स्वतःच्या हाताने लिहून जोडला. शेठनी खुश होऊन विभागाला नवा मायक्रोस्कोप दिला. सर त्यासाठी सहा वर्षं अर्ज करत होते. लहान मुलाच्या हौसेने त्यांनी तो स्वतः पुसून ठेवला.

गुडघेदुखीची ती पूड बाजारात आली तेव्हा पहिला डबा मी आण्णांसाठी आणला. आपण तपासलेलं औषध, भीती कसली? आण्णांनी दोन दिवस डब्यातल्या इवल्या मापाचा एकेक चमचा घेतला, तिसऱ्या दिवशी दोन घेतले. सरांचं औषध, दोन घेतले तर दुप्पट गुण, असा त्यांचा हिशेब. झेंडू तोडता तोडता त्यांची दातखीळ बसली. दवाखान्यात दोन दिवस त्यांना अंधाऱ्या खोलीत ठेवलं, कारण दाराची कडी वाजली तरी अंग कमानीसारखं वाकायचं. मी बाहेर बसून देवाला काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आण्णा वाचले.

दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी मी तो डबा प्रयोगशाळेत नेला. कणभर जिभेवर ठेवला. शोधलेला काजरा कडू लागतो, पण तो कडूपणा चुळा भरल्या की जातो. हा संध्याकाळपर्यंत जीभ सोडेना. शेठच्याच मायक्रोस्कोपखाली धरला, तर सालीची लव जशीच्या तशी. म्हणजे गोमूत्र नाही, दूध नाही, तूप नाही. बिया नुसत्या दळून भरल्या होत्या.

मी डबा सरांसमोर ठेवला आणि म्हटलं, चाखून बघा. सरांनी एका बोटाने तो बाजूला सरकवला. इतक्या वर्षांत त्यांनी न चाखलेली ती पहिली पूड. मला वाटलं होतं, टेबल उलथतील, शेठला फोनवर फाडून खातील. त्यांनी फक्त डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"आपण आपला नमुना तपासला, मंदा. त्यांचे डबे आपण भरत नाही."

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"नऊ दिवस, दूध, तूप. कुठल्या कारखान्याला परवडतं ते? कुणालाही कळेल."

कुणालाही कळेल! मला नव्हतं कळलं. मी माझ्या बापाला चमच्याने विष दिलं, आणि ज्याला सगळं कळत होतं तो माणूस रोज माझ्याबरोबर चहा पीत होता.

मी औषध खात्याकडे तक्रार केली. चौकशीला साहेब आले, सरांच्या कपाटातली फाइल उघडली. माझ्या हाताने लिहिलेला कृतीचा कागद फाइलमध्ये नव्हता. त्याच्या जागी टाइप केलेला एक कागद होता: बिया गरम पाण्याने धुऊन, वाळवून दळाव्यात. खाली माझं नाव. कारखान्याने म्हणे लिहून दिलं तसंच केलं. सर साहेबांना शांतपणे म्हणाले, कृती सहायक लिहितात, मी विश्वासाने सही करतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. डबे गुपचूप बाजारातून गेले आणि मी ग्रंथालयात, पुस्तकांना नंबर चिकटवायला. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. खोटं कशाला बोलू, पहिले सहा महिने मी रोज वाट बघितली की सर येतील, दाराशी उभे राहून चुकलो म्हणतील. एवढ्यावर मी सगळं विसरले असते. ते आले नाहीत.

आण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही. बदली झाली, एवढंच म्हटलं. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाचा देव काढून घ्यायचा मला धीर झाला नाही.

चार वर्षांनी सर निवृत्त झाले. आण्णा हट्टाने कार्यक्रमाला आले, मळ्यातल्या फुलांचा हार स्वतः ओवून. हार घातला आणि सगळ्यांदेखत त्यांनी सरांपुढे हात जोडले.

"सर, माझीच चूक झाली हो. दोन चमचे घेतले. तुमच्या औषधाला उगाच बट्टा लागला."

मी शेजारी उभी होते. आता तरी, असं मनात म्हणत होते. सरांनी आण्णांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले.

"होतं असं, आण्णा. पोरगी हुशार आहे तुमची. फक्त जरा घाईची आहे."

बसमध्ये आण्णा खिडकीशी बसले होते, चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, "लय मोठ्या मनाचा माणूस हाय. एका शब्दानं बोलला नाय मला. तू घाई करत नको जाऊ, मंदे."

मी बरं म्हटलं.

आण्णा त्यानंतर तीन वर्षं जगले. दर दसऱ्याला मळ्यातला पहिला झेंडू निवडून टोपलीभर ते सरांच्या घरी पाठवायचे. पोचवायला मीच जायचे. सर दार उघडायचे, टोपली घ्यायचे आणि विचारायचे, आण्णा बरे आहेत ना?