त्या गाण्यातला बाप

माझ्या मुलाने रॅप करायला सुरुवात केली तेव्हा घरात सगळ्यात जास्त कौतुक मला होतं. त्याची आई म्हणायची, गाणं म्हणायचं तर सुरात म्हण, हे काय भांडल्यासारखं. मला मात्र ते आवडायचं. तो मराठीत लिहायचा आणि त्याचे शब्द नेमके जागच्या जागी पडायचे. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत उभं आयुष्य शिफ्टमध्ये काढलं आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. आमच्या घराण्यात चार ओळी जुळवणारा हा पहिलाच.

नोकरी त्याने सोडली नव्हती. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघणाऱ्या एका ऑफिसात तो जायचा आणि सुट्टीच्या दिवशी नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत, रेकॉर्डिंग करायचा. आवाज घुमू नये म्हणून मीच स्टुलावर चढून त्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या आणि रजया लावून दिल्या होत्या. रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर लावायचा तर त्याला विचारून. कोणी बेल वाजवू नये म्हणून मी दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचो. शेजारपाजारचे हसायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही.

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "बाबा, सुटी सुटी गाणी पुरे झाली. आता अख्खा अल्बम करतोय. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकच गोष्ट."

"कोणाची?"

"एका रॅपरची. त्याच्या आत दोघं राहतात. एक थोरला, एक धाकटा. थोरला शहाणा. ऑफिसला जातो, सगळ्यांशी गोड बोलतो, कोणालाच नाही म्हणत नाही. धाकटा नुसता पेटलेला. थोरल्याने गिळलेलं सगळं तो ओकतो. एक गाणं याचं, एक त्याचं. पुढे पुढे दोघं एकमेकांच्या गाण्यात घुसायला लागतात."

"मग जिंकतं कोण?"

"तेच अजून ठरत नाहीये," तो म्हणाला आणि हसला.

मला कल्पना फार आवडली. मी प्लांटवर एक बोलायचो आणि घरी एक, असं कोणाचं होत नाही? थोरल्याची दोन-तीन गाणी त्याने मला ऐकवली. त्यात साहेबाची नक्कल होती, हायवेवर ट्रेलरच्या रांगेत अडकलेली ऑफिसची बस होती. मी पोट धरून हसलो. धाकट्याचं काही ऐकव म्हटलं तर म्हणाला, "ती सगळी एकदम ऐका. तुकड्यात मजा नाही."

थोड्या दिवसांनी त्याने मला त्या गाद्यांच्या खोलीत बोलावलं आणि माइकसमोर उभं केलं. "बाबा, मला तुमचा आवाज हवाय. छोटासाच रोल आहे. फक्त म्हणा, 'दार उघड.'"

मी म्हटलं. त्याने मान हलवली. "असं नाही. चढ्या आवाजात. प्लांटवर कोणी सेफ्टी हेल्मेट घातलं नाही की कसे ओरडायचात, तसं."

मी ओरडलो. पुन्हा ओरडलो. शेवटी इतका जोर लावला की त्याची आई हातात झारा घेऊन दाराशी आली. आम्ही दोघं हसत होतो. मुलाच्या अल्बममध्ये आपला आवाज असणार, याचा मला इतका आनंद झाला की पुण्याला मुलीला फोन करून मी सांगितलं.

अल्बम लोकांना पहिल्यांदा ऐकवायचा कार्यक्रम त्याच्या मित्राच्या क्लासच्या हॉलमध्ये होता, रविवारी दुपारी. सगळी तरुण मुलं. आम्हा दोघांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. मुलगा पुढे लॅपटॉपजवळ उभा होता आणि एकेक गाणं लावत होता. मधूनच माइक घेऊन एखादं कडवं स्वतः म्हणायचा. गाणी चांगली होती, हे आजही मी नाकारत नाही. थोरला बोलायला लागला की मुलं हसायची, धाकटा आला की हॉल शांत व्हायचा. आवाज एकाच माणसाचा, पण कोण बोलतंय हे पहिल्या शब्दाला कळायचं.

मग धाकटा जन्मला कसा, त्याचं गाणं आलं.

त्यात एक लहान मुलगा होता. त्याचा बाप तळोज्याला कामाला. सेकंड शिफ्ट करून यायचा, कपड्यांना केमिकलचा वास आणि तोंडाला दारूचा. आला की आधी अंघोळीला जायचा. ती अंघोळ संपेपर्यंत पोराला लपायला जागा शोधायची असायची.

"नळ बंद झाला, घरात श्वास बंद झाला,
बाप न्हाऊन निघाला, पट्टा हातात आला."

आणि त्यानंतर हॉलमधल्या स्पीकरमधून माझा आवाज आला. दार उघड. मग पुन्हा, आणखी मोठ्याने. दार उघड.

मी आयुष्यात दारू प्यायलो नाही. शिफ्टवरून आल्यावर आधी अंघोळ करायचो, कारण अंगाला खरंच वास असायचा आणि त्या अंगाने लेकरांना जवळ घेऊ नये असं मला वाटायचं. अंघोळ करून बाहेर आलो की हा पोरगा, झोपला नसला तर, माझ्या ओल्या पाठीवर चढायचा. त्याने तीच अंघोळ घेतली, तोच वास घेतला, माझी कंपनी, माझी शिफ्ट, माझा आवाज घेतला, आणि त्यातून तो माणूस तयार केला.

मी मुलाकडे बघत होतो. त्याने एकदाही पुढच्या रांगेकडे पाहिलं नाही.

पुढची गाणी मी ऐकली नाहीत, म्हणजे कानावर पडली असतील. शेवटी मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एक मुलगी रडत रडत त्याच्या गळ्यात पडली. आम्ही निघालो, तर जिन्याशी एक दाढीवाला तरुण माझ्याजवळ आला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"काका, तुम्ही आज इथे आलात ही खूप मोठी गोष्ट आहे. माझे बाबा कधीच आले नसते."

मी "हो, हो" म्हणालो. अर्धा जिना उतरल्यावर त्याला काय म्हणायचं होतं ते माझ्या लक्षात आलं. मी कठडा धरून तिथेच उभा राहिलो. पुन्हा वर जाऊन त्याला काय सांगणार होतो?

मुलगा संध्याकाळी घरी आला. मी टीव्ही बंद केला.

"मी तुला कधी मारलं?"

"नाही, बाबा."

"पट्टा कधी हातात घेतला?"

"तुम्ही पट्टा लावताच कुठे?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. मग खाली बसला. "ते तुम्ही नाही. ते त्या पात्राचे वडील आहेत."

"पात्राच्या वडिलांना माझा आवाज कसा?"

"बाबा, धाकटा इतका चिडलेला आहे, त्याला काहीतरी कारण हवं ना. तुम्ही चांगले होता. चांगल्या बापावर असलं गाणं होत नाही."

"मग मला आधी विचारायचं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. नाहीच म्हणालो असतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची आई म्हणाली, "अहो, कलेत असतं असं. मी ऐकलं तेव्हा मलाही आधी धक्काच बसला होता."

मी वळून बघितलं. "तू कधी ऐकलंस?"

तिने ओट्याकडे वळून गॅस बारीक केला. त्याने तिला आधीच ऐकवलं होतं. तो म्हणाला होता, बाबांना आत्ताच सांगू नकोस, ते एकदम ऐकतील तेव्हा समजून घेतील. म्हणजे मी इस्त्री करून शर्ट घालत होतो तेव्हा तिला ठाऊक होतं, आणि पुढच्या रांगेत माझ्या शेजारी बसली तेव्हाही. मुलाचं मला जेवढं लागलं तेवढंच तिचंही लागलं. कदाचित जास्त, कारण तिच्याही आत दोघी राहतात असं कोणी मला कधी सांगितलं नव्हतं.

अल्बम नेटवर पसरला. सगळ्यात जास्त तेच गाणं ऐकलं जात होतं. कोणीतरी मुलाखतीत त्याला विचारलं, हे सगळं खरं आहे का? एका वाक्यात तो सांगू शकला असता. तो म्हणाला, "मी जे जगलोय तेच लिहितो."

सकाळी वडाळे तलावावर फिरायला येणारा आमचा निवृत्तांचा एक गट आहे. त्यांच्या नातवंडांनी त्यांना ते ऐकवलं. मी बाकावर येऊन बसलो की बोलणं तुटायला लागलं. एकजण माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाले, "व्हायचं हो असं तेव्हा. शिफ्टची कामं, डोकं ठिकाणावर नसायचं." त्यांनी मला समजून घेतलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर तेही समजून घेतलं असतं.

सरळ विचारलं ते एकानेच. उरणकडचा कोळी माणूस, बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेला. आम्ही दोघंच मागे चालत होतो.

"मारलास का रं पोराला?"

"नाही."

"दारू?"

"नाही रे."

"मग तो असा का बोलला?"

"गाण्यासाठी."

"आमच्याकडं बापावर गाणी हायत. पन ती बाप गेल्यावर म्हंतात," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू येत जा. नाय आलास तर लोकांना खरंच वाटंल." त्याच्यामुळे मी जात राहिलो.

पुण्याहून मुलगी चिडून फोन करायची. तिने त्या गाण्याखाली लिहिलं, मी याची सख्खी बहीण, आमच्या वडिलांनी आम्हाला बोटसुद्धा लावलं नाही. खाली लोकांनी लिहिलं, घरातलेच लोक झाकतात. मी तिला ते काढून टाकायला लावलं.

मुलगा तोवर मित्रांबरोबर मुंबईत राहायला गेला होता. आतल्या खोलीतल्या गाद्या मी उतरवल्या. माझा आवाज काढून टाक, असं मी त्याला फोनवर सांगितलं होतं. तो बघतो म्हणाला. पुढे त्याने काढला नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही.

एका सकाळी बायको लसूण सोलत बसली होती आणि तिच्या मोबाइलवर त्याची नवी मुलाखत चालू होती. मी समोर पेपर वाचत होतो. विचारणाऱ्या मुलीने हळू आवाजात विचारलं, "आता वडिलांशी कसं आहे?"

त्यानेही आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आता बरं आहे. मी त्यांना माफ केलंय."

बायकोचा हात थांबला. मी पेपर खाली ठेवला.

"चला," मी म्हणालो, "मला माफी मिळाली."

लसणाची ताटली बाजूला सारून ती उठली, गॅलरीत गेली आणि तिने त्याला फोन लावला. मी तिला मुलावर आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "तू कोणाला माफ केलंस? कशाबद्दल? मी तुझं ऐकून गप्प बसले, ती माझी चूक झाली. आता घरी ये आणि यांच्यासमोर बस." आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं," ती म्हणाली. मी हो म्हणालो.

तो पुढच्या रविवारी आला. वाळला होता. सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखा बसला.

"बाबा, ते बोलण्याच्या ओघात निघून गेलं. कॅमेरा चालू झाला की मी मी राहत नाही. लोक येतात ते धाकट्यालाच बघायला. त्याचा बाप तसाच असायला लागतो."

"म्हणजे माफ त्याने केलं?"

"हो."

"आणि आज घरी कोण आलंय?"

तो सोफ्याच्या कव्हरचा सुटलेला दोरा ओढत राहिला. मी मनात म्हणत होतो, नुसतं एवढं म्हण की मी खोटं बोललो. लोकांना सांगू नकोस हवं तर, मला सांग. पण तो म्हणाला, "मला खरंच कळत नाही, बाबा," आणि रडायला लागला. ते रडणं खरं होतं असं मला वाटलं. पण त्याचा खरा आवाज कुठला ते मी आता ओळखू शकत नाही, आणि ती ओळख काही त्याच्या रडण्याने परत येण्यासारखी नव्हती.

बायकोने पानं वाढली. बोंबील होते, त्याला आवडतात तसे कुरकुरीत. जेवताना आम्ही हायवेच्या ट्रॅफिकवर बोललो, त्याच्या घरमालकावर बोललो. नवीन काही लिहितोयस का, हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तसा तो आता महिन्या दोन महिन्यांनी येतो. ते गाणं अजून तसंच आहे.

त्या दिवशी निघताना तो वाकून पाया पडला. मी डोक्यावर हात ठेवला. सवयीने ठेवला, एवढंच.