आईच्या वर्गात राहणारी बाई

आमच्या शहराबाहेर, तरसालीच्या पुढे, शेतांच्या पलीकडे, एक जुना लष्करी विमानतळ होता. युद्धाच्या काळात बांधलेला, पुढे बरीच वर्षं वापरात असलेला आणि मग बंद केलेला. तिथल्या लोकांच्या मुलांसाठी आवारातच एक छोटी शाळा होती. माझी आई तिथे पहिलीला शिकवायची. आम्ही शहरात, नागरवाड्यात राहायचो, ती रोज सकाळी विमानतळाच्या बसने जायची. विमान उतरायला लागलं की वर्गात काही ऐकू येत नसे. आई मध्येच थांबायची आणि आवाज विरला की पुढच्या शब्दापासून बोलायला लागायची. घरी कुकरची शिट्टी झाली तरी तशीच थांबायची.

विमानं दुसरीकडे हलवली, तशी शाळाही बंद झाली. इमारतींना कुलपं लागली. हळूहळू कुलपं गेली, दारं-खिडक्या गेल्या, हँगरचे पत्रे गेले. जमीन आता नक्की कोणाची, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

गेल्या वर्षी ते सगळं पाडणार असं कानावर आलं. आई म्हणाली, एकदा वर्ग बघून येऊ. मी तिला रिक्षाने घेऊन गेले. धावपट्टीच्या भेगांतून बाभळी उगवल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात दोन शेळ्या बांधलेल्या होत्या आणि आईच्या वर्गात एक बाई तिच्या दोन लहान मुलींना घेऊन राहत होती. नवरा नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात मजूर, आठवड्याने घरी यायचा. भिंतीतला सिमेंटचा फळा शाबूत होता. नकाशांच्या खिळ्यांना तिने कढई नि झारा अडकवला होता. आईला हे बघून वाईट वाटेल अशी मला धास्ती होती, पण ती हसली. म्हणाली, "आमच्या वेळीसुद्धा फरशी इतकी स्वच्छ नसायची."

बाईने चहा टाकला. आम्ही सरकारी माणसं आहोत असंच ती धरून चालली होती. आईने सांगितलं की मी इथली जुनी शिक्षिका, बाकी कोणी नाही. तरी आम्ही निघताना बाईने माझा नंबर मागून घेतला आणि गुजरातीत म्हणाली, "बेन, साहेबांना सांगा ना. निदान पावसाळा संपेपर्यंत राहू द्या."

आई खरंच सांगायला गेली. गुडघे दुखत असताना या ऑफिसातून त्या ऑफिसात. सगळीकडे तिला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. प्रत्येकाने ऐकून घेतलं आणि जमीन आपल्या खात्याकडे नाही असं सांगितलं.

आषाढात एका सकाळी बाईचा फोन आला. पाडायला मशीन आलंय, एवढंच तिला बोलता आलं. आम्ही पोचलो तेव्हा भांडी, गोधड्या, शेळ्या सगळं धावपट्टीवर भिजत होतं. नवरा पाळीवर होता. पाळी सुटेपर्यंत मोबाईल गेटवर जमा असतो, म्हणून त्याला कळवताही येत नव्हतं. आईने मशीनवाल्याला थोडं थांबायला सांगितलं. तो बिचारा खाली उतरला, तिला वाकून नमस्कार केला. "बा," आपल्या आईला म्हणावं तसं तो म्हणाला, "मी थांबलो तर उद्या दुसरा येईल," आणि परत वर चढला.

आई बाईला म्हणाली, "आमच्या फ्लॅटवर चल." बाईने शेळ्यांकडे पाहिलं. फ्लॅटमध्ये यांना कुठे बांधणार, असं तिने विचारलं. मुलींच्या डोक्यावर छत्री धरून आम्ही उभ्या राहिलो. दुपारी बाईच्या ओळखीचा एक टेम्पोवाला आला. सामान चढलं, शेळ्या चढल्या. नंदेसरीकडेच जातो, पोचल्यावर फोन करते, असं बाई म्हणाली.

फोन आला नाही. मी लावते तेव्हा तो बंदच असतो. एका रविवारी आईच्या हट्टाने आम्ही नंदेसरीला जाऊन आलो. कारखान्यांच्या गेटांवर विचारलं, पण तिच्या नवऱ्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं आणि नावाशिवाय रखवालदार तरी काय सांगणार? घरी आल्यावर आई म्हणाली, पुढच्या रविवारी त्या बाजूच्या वस्तीत विचारू. आम्ही तिथेही गेलो. तिथेही कोणाला ठाऊक नव्हतं.