हाल्बेराची खिडकी

एविंदूर पंपवाल्यानं हाल्बेराला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या घराच्या सहाही खिडक्या सताड उघड्या होत्या आणि बाहेर असलं हिमवादळ होतं की समोरच्या चर्चचा कळसही मान खाली घालून उभा होता. पडदे रस्त्यावर फडफडत होते. आत रेडिएटर भट्टीसारखे तापलेले. घरात शिरणारा बर्फ जमिनीला टेकायच्या आत वितळत होता, आणि घरातली ऊब थेट ग्रीनलंडला निघाली होती. या सगळ्याच्या मध्यभागी बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये हाल्बेरा वाळवलेल्या माशाला लोणी फासत बसली होती.

"बाई, अर्ध्या गावाची ऊब तुम्ही एकट्या पिताय! खिडक्या लावा."

"मग हवा कुठून येणार? तुमच्या पंपातून?"

तेव्हापासून अकरा वर्षं एविंदूर तिच्या प्रेमात होता.

गावाच्या विहिरीतून गरम पाणी वर यायचं. पंपघरातला हीट पंप त्यातली उष्णता काढून घरोघरच्या रेडिएटरच्या नळांत भरायचा, आणि उरलेलं कोमट पाणी समुद्रात जाण्याआधी पंपघरामागच्या सिमेंटच्या हौदातून वाहायचं. हिवाळ्यात रोज दुपारी चारला, अंधारून येताना, दोघं त्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसायची. वाफ चढायची, डोंगर विरघळायचे, डोक्यावर बर्फ साचायचा आणि एविंदूरला वाटायचं, आपण पाण्यात नाही, कुणाच्या तरी झोपेत बसलोय. अशा वेळी लग्नाचं विचारणं म्हणजे झोपलेल्याला हलवून उठवणं. म्हणून तो उद्यावर टाकायचा.

मग गावाला ऊब पुरेना. गावाच्या कमिटीनं दुसरा हीट पंप आणला. आता हौदाच्या पाण्यातलीही उष्णता निघणार होती, आणि सोमवारी तो पंप एविंदूरच सुरू करणार होता.

रविवारी दोघं हौदात बसली.

"उद्यापासून इथे मासेच बसणार," हाल्बेरा म्हणाली. "काय रे, आज अगदीच गप्प?"

"अकरा वर्षं एक विचारायचं राहिलंय."

"मग विचार की! पाणी निवायची वाट बघतोयस?"

एविंदूरनं श्वास घेतला. नेमकी तेव्हाच वाफ बाजूला झाली. पलीकडे तिचं घर, झोपायच्या खोलीची खिडकी, बाहेर लोंबणारा पडदा.

"हाल्बेरा," तो म्हणाला, "ती खिडकी लावशील?"

तिच्या भुवयांवर बर्फ जमला.

"लग्नानंतर बघू," ती म्हणाली.

सोमवारी पंप सुरू झाला. जूनमध्ये लग्न झालं. खिडकी अजून उघडीच असते, आणि ऑक्टोबर ते मे एविंदूर पंपघरात झोपतो.