दाजींचं कोपर

भित्री माणसं मी रग्गड पाहिलीत. पोलिसाला भिणारी, सासूला भिणारी, इंजेक्शनची सुई दिसली की खुर्चीतच ओघळणारी. पण स्वतःच्याच उजव्या कोपराला भिणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमच्या घरचा जावई आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात ते कारकुनी करतात आणि सुट्टीच्या दिवशी सीझन बॉलनं ऑफस्पिन टाकतात. पहिलं काम पोटासाठी, दुसरं जीव मुठीत धरून.

लहानपणी चिंचेवरून पडून त्यांचं कोपर मोडलं. गावच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून ते बसवलं, पण जरा वाकडंच बसवलं. तेव्हापासून हात पुरता सरळ होत नाही, विळ्यासारखा किंचित वाकून राहतो. भाकरी मोडायला, सही करायला, स्कूटर चालवायला त्याची काही अडचण नाही. अडचण एकाच जागी येते. बॉल टाकताना तो वाकडा हात डोक्यावरून फिरतो आणि बघणाऱ्याला वाटतं, गडी बॉल टाकत नाही, दगड मारल्यासारखा फेकतोय. क्रिकेटमध्ये फेकणं म्हणजे चोरी. पंच हात आडवा करून नो-बॉल देतो, आणि पंचानं एकदा हात आडवा केला की त्या माणसाच्या नावापुढे 'फेकी' लागतं ते लागतंच. दाजींचं अर्धं आयुष्य त्या आडव्या हाताची वाट बघण्यात गेलं.

या भीतीनं माणसाचं काय करून टाकलं ते सांगतो. मे महिन्यात जालन्यात डांबर पायाला चिकटतं, तेव्हाही दाजी फुल बाह्यांचा शर्ट घालतात आणि मनगटाचं बटण लावतात. रस्ता विचारला तर डाव्या हातानं दाखवतात. घरातला एकही ग्रुप फोटो असा नाही, ज्यात त्यांचा उजवा हात दिसतो. तो कायम कुणाच्या तरी पाठीमागे असतो, बहुतेक माझ्याच. आणि लग्नात अक्षता टाकायची वेळ आली की आमचे दाजी मांडवाच्या खांबाआड सरकतात आणि अक्षता हळूच खालून सोडतात. अंडरआर्म. एकदा मी म्हणालो, "दाजी, इथं कोण पंच बसलाय?" तर वऱ्हाडाकडे नजर टाकून कुजबुजले, "सांगता येत न्हाई. परतूरच्या टीमची मंडळी आलीय." घरी त्यांचा सराव कपाटाच्या आरशासमोर चालतो. ताई वैतागून म्हणते, "मी टिकली लावून राह्यले, अन् मागून हे हात फिरवून राह्यले! एखाद्या दिवशी टिकली कानाला लागंल."

आता आमच्याकडची पद्धत सांगितल्याशिवाय ही भीती कळायची नाही. मोठ्या सामन्यांना दोन्ही पंच बाहेरचे असतात. आमच्या स्पर्धांना एकच बाहेरचा मिळतो. दुसरा, लेगला म्हणजे बॅट्समनच्या बाजूला उभा राहणारा, बॅटिंग करणाऱ्या टीमचाच एखादा माणूस असतो. आणि हात वाकतो की सरळ होतो हे नेमकं लेगवरून दिसतं! म्हणजे आरोपीसमोर न्यायाधीश कोण, तर फिर्यादीचा चुलता. ही पद्धत बदला म्हणून मी प्रत्येक स्पर्धेत भांडलोय. दाजी भांडत नाहीत. ते त्या लेगच्या पंचाला चहा नेऊन देतात. "काका, ऊन लागंल, माझी टोपी घ्या." "मामा, पोरीचं जमलं का कुठं?" एकदा एका पंचाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी इतकी लांबली की कर्णधारानं ओव्हर दुसऱ्याला देऊन टाकली.

मी चिडून विचारलं होतं, "दाजी, तुम्ही काही गुन्हा केलाय का?"

"न्हाई."

"मग भिता कशाला?"

"ओ नेते," ते म्हणाले. मी पत्रकं काढतो, मोर्चांत घोषणा देतो, म्हणून ते मला नेते म्हणतात. "गुन्हेगाराला कशाची भीती? आपण काय केलं ते त्याला बराबर माहीत असतं. मला कुठं माहीत आहे?"

मागच्या हिवाळ्यात ही भीती मोबाईलमध्ये शिरली. कुणीतरी दाजींच्या बॉलिंगचा व्हिडिओ काढला, त्याचा वेग कमी केला, हाताभोवती लाल गोल काढला आणि वर लिहिलं, 'जालन्याचा फेकी'. दोन दिवसांत तो कंपनीतल्या शिपायापासून ताईच्या भिशीपर्यंत सगळ्यांनी पाहिला. आणि टेंभुर्णीच्या स्पर्धेच्या आयोजकांनी जाहीर करून टाकलं, की यंदा जो फेकताना सापडेल त्याला यापुढे कधीच घेणार नाही. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. दाजींनी त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

माझं डोकं फिरलं. नियम न वाचता माणसाला चोर ठरवायची ही कुठली रीत? मी नियम शोधून वाचला. तो अगदी साधा आहे. हात वाकडा असणं गुन्हा नाहीच. बॉल सुटताना वाकलेला हात सरळ होणं हा गुन्हा, आणि तेही पंधरा अंशांपर्यंत, म्हणजे साध्या डोळ्याला जेमतेम कळेल एवढं, चालतं. दाजींचा हात तर सरळ होतच नव्हता! ज्या कोपराला ते जन्मभर भ्याले, त्याच्यासारखं कायदेशीर कोपर जिल्ह्यात दुसरं नसेल. मी लगेच पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरांत: 'वाकडा हात, सरळ माणूस!'

दाजींनी ते वाचलं आणि पांढरे पडले. "बिलकुल वाटू नका! आत्तापर्यंत फक्त बघणाऱ्यांना माहीत आहे. हे वाटलं तर वाचणाऱ्यांनाही कळंल."

माझ्या पत्रकाला नाही म्हणून ते गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण भ्यालेला माणूस गप्प बसत नाही, उपाय शोधतो. दाजी जेवणाच्या सुट्टीत स्टेशनजवळच्या एका फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले. घरात कुणालाच सांगितलं नाही. शेक, तेल, हाताला वजन लटकवून बसणं. बाईंच्या हाताला गुण, आणि उत्साहही भारी. इतक्या वर्षांनी हात ढिला होतोय म्हणून त्यांना कोण आनंद! दाजींना वाटलं, हात सरळ झाला की वाकडं बोलायला कुणाला जागाच राहणार नाही.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी आमची टीम सरावाला गेली. मी लेगला उभा होतो. दाजींनी बॉल टाकला. हात वाकडा वर आला आणि बॉल सुटताना कोपर टचकन उघडलं. बॉल कधी नव्हे एवढा जोरात गेला. आमचा कर्णधार ओरडला, "वा दाजी, काय जोर आलाय!" दाजी खुशीत माझ्याकडे आले. "पाहिलं का? सरळ झाला. आता कुणाच्या बापाला भीत न्हाई."

त्यांना आयुष्यात पहिल्यांदा न भिता बोलताना मी ऐकत होतो, आणि मलाच ते मोडावं लागलं. "दाजी, तुम्ही आधी फेकत नव्हते. आता फेकून राह्यले."

ते हसले. मग माझा चेहरा बघून थांबले. मी नियम पुन्हा सांगितला. त्यांनी डाव्या हातानं उजवं कोपर धरलं, कुणी आपलं तान्हं मूल हातात द्यावं आणि ते कसं धरायचं कळू नये, तसं. "म्हणजे मी जन्मभर जे केलं न्हाई," ते म्हणाले, "ते भिऊन भिऊन शिकलो."

मी म्हणालो, खेळू नका. पण टीममध्ये दुसरा स्पिनर नव्हता, आणि नाही म्हणायचीही त्यांना भीतीच. आठवडाभर ते हात जुन्यासारखा धरून टाकायला बघत होते. हळू टाकला की जमायचं. जोर लावला की कोपर उघडायचं. कधी उघडेल ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

फायनल टेंभुर्णीला, परतूरच्या टीमशी. त्यांची शेवटची जोडी, शेवटची ओव्हर, जिंकायला एक चौका पुरेसा. कर्णधारानं बॉल दाजींच्या हातात दिला. लेगला पंच म्हणून परतूरचे एक निवृत्त मास्तर उभे होते, आणि मी त्यांच्याजवळच फिल्डिंगला. दाजी जवळून गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "हात माझं ऐकत न्हाई हो." त्या दिवशी त्यांनी मास्तरांना चहा नेला नव्हता. टोपीही दिली नव्हती.

पहिले बॉल हळू पडले. प्रत्येक बॉलला मी बॅट्समनकडे न बघता मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो हलला नाही. मग बॅट्समन पुढे सरसावला, ते पाहून दाजींनी घाईनं जोर लावला आणि कोपर टचकन उघडलं. मधली दांडी उडाली. मैदानात एकच गलका. आम्ही जिंकलो होतो. मास्तरांचा हात खालीच होता.

सगळे दाजींकडे धावले आणि दाजी मास्तरांकडे चालत आले. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"गुरुजी, तो फेकला गेला."

मास्तर म्हणाले, "मी कुठं काय दाखवलं?"

"तुम्ही न्हाई दाखवलं म्हणूनच सांगून राह्यलो."

मास्तरांनी हात आडवा केला. तोच हात, ज्याला माझे दाजी जन्मभर भ्याले. तो वर येताना दाजींनी डोळे मिटले नाहीत. बॅट्समनला परत बोलावलं गेलं, पुढच्याच बॉलला चौका बसला आणि आम्ही हरलो. आमचा कर्णधार बॅग आपटत ओरडला, "एवढं खरं बोलायचं होतं तर सकाळी बोलायचं ना दाजी! टॉसच्या आधी!"

आयोजकांनी नियमाप्रमाणे दाजींना कायमचं बाहेर काढलं. आयोजकांशी मास्तरच भांडले, आणि मला मान्य करायला हवं, माझ्यापेक्षा चांगलं भांडले. शेवटी ठरलं, की हात पहिल्यासारखा झाला तर दाजींनी यावं. "मी स्वतः लेगला उभा राहीन," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून दाजींनी शेक सोडला, तेल सोडलं. डॉक्टरीणबाई रस्त्यात भेटल्या तर ते पलीकडच्या फुटपाथनं जातात. सगळं जग हात सरळ व्हावा म्हणून धडपडतं, आमचे दाजी तो आखडावा म्हणून थंडीची वाट बघत बसले. यंदा थंडी आली, चांगली कडक. रोज सकाळी चहाच्या वेळी ते हात टेबलावर ठेवतात आणि ताईला म्हणतात, "बघ बरं."

परवा मी तिथंच होतो. ताईनं हात दाबून पाहिला, वाकवून पाहिला. मलाही दिसत होतं. बाईंनी काम पक्कं केलं होतं.

"आखडलाय," ताई म्हणाली. "कालच्यापेक्षा थोडा जास्तीच."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "नेते, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत न्हाई."

"आखडलाय दाजी."

त्यांनी हात उचलून खिडकीतल्या उजेडात धरला. जवळजवळ सरळ होता तो. डाव्या हातानं त्यांनी कोपर चाचपलं. मग म्हणाले, "असाच आखडत गेला तर होळीपर्यंत जाऊ टेंभुर्णीला."